साखर सुटली, शिलाई राहिली

*"मावशी, प्रभूमध्ये सलाम. दसऱ्यानंतर आमच्या मंडळीत बायबल अभ्यासाला याकोबाचं पत्र घेतलं होतं. पाचव्या अध्यायातलं ते कापणी करणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीचं वचन वाचलं, आणि त्याच आठवड्यात ऊसतोडीवाल्यांचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्याने कारखान्याकडे गेले. ट्रॉलीत संसार, संसारावर पोरं. तेव्हापासून चहात साखर घालताना हात थांबतो. घरात साखर बंद केली, सेंद्रिय गूळ आणते, महिन्याला सहाशे रुपये जास्त जातात. चॉकलेट बंद. स्वस्तातले तयार कपडे बंद. यंदा नाताळला कुणालाच नवं काही नाही, असं सांगून टाकलं. अकरा वर्षांचा मुलगा रुसलाय. सासूबाई चहाला शेजारी जातात. मिस्टर म्हणतात, 'बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, असं पौलानेच लिहिलंय. तू पौलाच्या वर गेलीस का?' आमच्या मंडळीत शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्यांनाही कळवलं की यंदा आमचं काही नाही. ईस्टरच्या दोन ब्लाउजांची शिलाई द्यायची राहिलीय, ती देऊ नाताळनंतर. दुकानात उभी राहिले की प्रत्येक वस्तूवर कुणाचं तरी रक्त दिसतं. माझं चुकतंय का? खरेदी करणं पाप आहे का?*

*एक अस्वस्थ बहीण, श्रीरामपूर तालुका"*

प्रिय ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी पूर्ण तुमच्या बाजूने होते. दुसऱ्या वाचनात एका ओळीशी अडले आणि अजून तिथेच आहे. त्या ओळीकडे येते. आधी तुमच्या मिस्टरांचं बघू, कारण ते वचन घेऊन बसलेत, आणि वचन घेऊन बसलेल्या माणसापुढे घरात कुणाचं काही चालत नाही.

वचन खरं आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय, पंचविसावं वचन. करिंथच्या बाजारात खाटकाकडे जे मांस यायचं त्यातलं काही देवळात बळी दिलेल्या जनावरांचं असायचं. कुठलं मूर्तीपुढून आलंय आणि कुठलं नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. नव्या विश्वासणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. आपल्याकडच्या प्रत्येक ख्रिस्ती घराने हाच प्रश्न शेजारणीने आणलेल्या प्रसादाच्या वाटीसमोर सोडवलेला आहे, कुणी असा, कुणी तसा. पौल म्हणतो, खा, विचारत बसू नका, पृथ्वी प्रभूची आहे. पण मिस्टरांना तीनच वचनं पुढे वाचायला सांगा. अठ्ठाविसाव्यात तोच पौल म्हणतो की, कुणी तुम्हाला सांगितलं, हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी म्हणून खाऊ नका. म्हणजे चौकशी करू नका हे ठीक, पण कळल्यावर न कळल्यासारखं करायची सोय त्याने ठेवलेली नाही.

आणि मुळात प्रश्नच वेगळा आहे. करिंथमध्ये वाद होता तो मांस कुणापुढे ठेवलं गेलं याचा. खाटकाच्या गड्याला दिवसाचे पैसे मिळाले का, हे त्या अध्यायात कुणी विचारलेलंच नाही. ते विचारतो याकोब. पौलाने सूट दिली ती विटाळाच्या भीतीला. लुबाडणुकीला त्याने सूट दिली असं मला तरी कुठे दिसत नाही. विटाळाची भीती किती खोटी असते आणि किती माणसं तिच्यापायी गावाबाहेर राहिली, हे नगरकडच्या आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता हाच शब्द जरा तुमच्याकडे वळवते, रागावू नका. दुकानात उभं राहिल्यावर तुम्हाला जे होतं, प्रत्येक वस्तूला हात लावताना जो काटा येतो, तो मला विटाळाच्या जवळचा वाटतो. याला शिवले तर मी बाटेन. त्यात ऊसतोडणारी बाई कुठे आहे? ती ट्रॉलीवरून उतरून कधीच पुढे गेली. मागे राहिलात तुम्ही आणि तुमचे हात.

साखरेचा हा प्रश्न जुना आहे. 1791 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करायचा प्रस्ताव फेटाळला, आणि त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या एकाने पत्रक काढलं की वेस्ट इंडीजच्या, गुलाम राबवणाऱ्या मळ्यांवरची साखर घेऊ नका. ते हातोहात खपलं. गावोगाव फिरून या प्रश्नावर काम करणाऱ्या थॉमस क्लार्कसनचा अंदाज होता की तीनेक लाख लोकांनी साखर सोडली. बायकांना मत नव्हतं, पण साखरेचा डबा त्यांच्या ताब्यात होता. तुमच्यासारख्याच होत्या त्या, ताई, आणि मी त्यांना हसत नाही.

पण पुढची गंमत ऐका. काही वर्षांनी तिकडे साखरेची भांडी विकायला आली, त्यांवर लिहिलेलं असायचं: ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. म्हणजे आपल्याकडची! लंडनची बाई हिंदुस्थानची साखर निर्धास्तपणे चहात ढवळत होती. इथे ऊस कोण लावतं, कुणाच्या कर्जात कोण बांधलेलं आहे, हे भांड्यावर मावणारं नव्हतं. हिंदुस्थानातही तेव्हा गुलामगिरी होतीच, कंपनी सरकारने तिचा कायद्याचा आधार काढला तो थेट 1843 मध्ये. तुमचा सेंद्रिय गूळ मला त्या भांड्यासारखा वाटतो. गूळ काही झाडाला लागत नाही. तोही उसाचाच, आणि तो ऊसही कुणीतरी कोयत्यानेच तोडलेला. खत कुठलं घातलं ते पुडीवर लिहितात. तोडणाराला काय दिलं ते लिहिलेली पुडी मी अजून पाहिलेली नाही.

गुलामांचा व्यापार बंद व्हायला 1807 उजाडलं आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा यायला 1833. साखर सोडणाऱ्यांनी वातावरण तापवलं हे खरंच. पण कायद्याच्या दोन वर्षं आधी, 1831 च्या नाताळात, वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर काय झालं ते आपल्या मंडळ्यांमध्ये कुणी सांगत नाही. सॅम्युएल शार्प नावाचा एक गुलाम होता, बाप्टिस्ट मंडळीचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक. वाचता येणारा, उत्तम बोलणारा. त्याने प्रार्थनेच्या बैठकांमधून मळ्यामळ्यांवर निरोप फिरवला: नाताळची सुट्टी संपली की मजुरी ठरल्याशिवाय कामावर जायचं नाही. ऊस तोडणीला आलेला होता, मालकाला थांबणं परवडणार नव्हतं. त्याने आखलेला होता संप, पण मळे पेटले, सैन्य आलं, शेकडो माणसं मारली गेली, आणि मे 1832 मध्ये शार्पला फाशी दिलं. इंग्लंडमध्ये त्यानंतर तो प्रश्न पुढे ढकलणं अवघड झालं. शार्पने साखर सोडा असं सांगितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्याने मजुरी मागितली.

आता तुमच्या रस्त्याने गेलेल्या ट्रॉलीकडे या. दिवाळीच्या मागेपुढे बीडकडून निघायचं, मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. दिवस भरला नाही तर खाडा, म्हणजे पैसे कापले जातात. 2019 मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा वाचून तुमचा हात साखरेवर थांबत असेल तर तो थांबू दे. पण हेही बघा की त्यांच्या संघटनांनी जेव्हा मागितलं तेव्हा काय मागितलं. 'कोयता बंद'ची हाक दिली, वाटाघाटी झाल्या, आणि जानेवारी 2024 मध्ये मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. तुम्ही आमची साखर खाऊ नका, असं त्यांनी म्हटलेलं नाही. साखर कुणी घेतलीच नाही तर कोयत्याला काम कुठलं?

म्हणून तुम्हाला एक विचारते. तुम्ही करताय तो उपास आहे की बहिष्कार? उपास असेल तर फार चांगलं. तो तुमचा आणि देवाचा मामला. चहा कोरा लागला की ती बाई आठवावी, तिच्यासाठी प्रार्थना करावी, आणि डोक्याला तेल लावून तोंड धुऊन बसावं, प्रभूने सांगितलंय तसं. उपासाचा जाहीरनामा नसतो आणि सासूच्या कपावर तो लादायचा नसतो. बहिष्कार असेल तर त्याला दहा घरं लागतात, एक मागणी लागते, आणि जिच्यासाठी करायचं तिला आधी विचारावं लागतं. एकटीने मनातल्या मनात घातलेला बहिष्कार कारखान्याला कळत नाही, कामगाराला कळत नाही. तो कळतो फक्त नवऱ्याला.

कारखान्याचा तळ तुमच्यापासून लांब नसणार. महिला मंडळातल्या दोघीतिघी मिळून एकदा कोप्यांवर जा. केक घेऊन जाऊ नका, कृपा करून. केक आणि फोटो प्रत्येक मंडळी करते. जाऊन बसा आणि विचारा: पाणी कुठून आणता, पोरं कुठल्या शाळेत बसतात, की उसाच्याच फडात, बाळंतपण जवळ आलेली कुणी आहे का, आजारी पडलात तर खाडा किती कापतात. त्यांच्या पोरांसाठीची साखरशाळा चालू आहे का बघा. नसेल तर तुमच्या मंडळीच्या हॉलला आठवड्याचे सहा दिवस कुलूपच असतं. गुळावर जाणारे महिन्याचे सहाशे रुपये तिथे जास्त कामाला येतील.

आता ती ओळ.

"ईस्टरच्या दोन ब्लाउजांची शिलाई द्यायची राहिलीय, ती देऊ नाताळनंतर."

ताई, ईस्टरपासून नाताळपर्यंत आठ महिने होतात. याकोबाचं जे वचन वाचून तुमची झोप उडाली त्यात दुसरं काय लिहिलंय? अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. तुम्हाला ती बीडहून आलेल्या ट्रॉलीत ऐकू आली. तुमच्याच बाकावर, दर रविवारी, तीन माणसं सोडून बसलेली ऐकू आली नाही. त्यात यंदाचं नाताळचं कामही गेलं. शिवणाऱ्या बाईचं वर्ष डिसेंबरवर चालतं, रात्री बारा-एकपर्यंत मशीन सुरू असते, तेव्हा कुठे जूनची फी निघते. तुम्ही नवे कपडे सोडले, त्याची किंमत तिने मोजली. तुमच्या हातून कुणी नागवलं जाऊ नये म्हणून तुम्ही हे सगळं केलंत, आणि ज्या एका ठिकाणी मजुरी ठरवणं खरोखर तुमच्या हातात होतं, तिथेच ते घडलं.

हे मी न्यायाधीश होऊन लिहीत नाही. माझी गोष्ट ऐका. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी इस्त्रीवाला होता. मी शाळेत नोकरीला, रोज कडक इस्त्रीची साडी. त्याचा हिशेब मी कॅलेंडरवर लिहायची आणि फार व्यवस्थित आहोत असं मला वाटायचं. पैसे द्यायची वेळ आली की सुट्टे नसायचे. "अरे, सुट्टे नाहीत, उद्या घे." तो म्हणायचा, "राहू द्या बाई, कुठे पळून जाता." असे चार महिने गेले. एक दिवस मी शब्बाथ शाळेच्या मुलांना लेवीयचा एकोणिसावा अध्याय शिकवत होते. मोलकऱ्याची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका, असं त्यात आहे. एका पोराने हात वर केला. "टीचर, म्हणजे इस्त्रीवाल्याचे पण?" त्याची आईपण माझ्यासारखीच असणार. मी "हो" म्हटलं आणि पुढच्या वचनाकडे वळले. पैसे दिले त्यानंतरही दोन दिवसांनी. देताना कळलं की त्या चार महिन्यांत त्याने कोळशासाठी दोनदा व्याजाने पैसे काढले होते. माझे पैसे मिळाले असते तर एकदा तरी काढावे लागले नसते. त्याने हे तक्रार म्हणून सांगितलंच नाही, बोलता बोलता सांगितलं. माझा त्या वर्षीचा दशांश, मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, मात्र पैशापैशाने बरोबर होता! प्रभूने परूश्यांना सुनावलं होतं तसा, पुदिना, शेप, जिरे, सगळ्याचा.

तेव्हापासून मी खर्चाचा हिशेब उलटा करते. ज्यांची मजुरी मी स्वतः ठरवते, त्यांच्यापासून सुरुवात. धुणंभांडी करणारी, इस्त्रीवाला, शिवणारी, गाडीवरची भाजीवाली, गॅसची टाकी तीन मजले वर आणणारा. यांना देताना मी भाव करत नाही, आणि आजचं उद्यावर टाकत नाही. यूपीआय आल्यापासून सुट्ट्यांचं निमित्तही गेलं. कामाला येणारीला भरपगारी रजा किती देते, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. हे निस्तरलं की पुढे कारखाने, आफ्रिका, चीन. तिथे माझं बोट जेमतेम पोचतं. म्हणून ते सोडून द्यायचं असं नाही, पण घरातली शिलाई बुडवून आफ्रिकेला जाता येत नाही.

जॉन वुलमन म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, 1720 चा जन्म. तुमच्या ताईंसारखाच शिंपी. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहून दिला आणि ते त्याच्या मनाला जन्मभर लागून राहिलं. पुढे त्याने गुलामांच्या श्रमाचं पुष्कळ काही सोडलं, रंगवलेले कपडेसुद्धा. बिनरंगाची टोपी घालायला लागला, तर नेमकी पांढऱ्या टोपीची फॅशन आली आणि लोकांना वाटलं बुवा नखरे करतोय! त्याचा मला आवडणारा भाग वेगळाच आहे. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी मुक्काम करावा लागला की तिथे ज्यांनी त्याचं जेवणखाण केलं, त्या गुलामांना तो चांदीची नाणी द्यायचा, नाहीतर यजमानाकडे द्यायचा, त्यांना पोचवा म्हणून. यजमानाला ते किती झोंबत असेल! सोडणं त्याने केलंच, पण समोरच्या माणसाचं देणं आधी चुकवलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, खरेदी करणं पाप आहे का, एवढंच सांगते की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले, आम्ही काय करावं म्हणून, तेव्हा त्याने जकातदारांना जकात सोडायला आणि शिपायांना चाकरी सोडायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणाला छळू नका, आणि दोन अंगरखे असतील तर एक द्या. दोन असले तर, बरं का. अंगरखाच शिवू नका असं नाही.

नव्या कपड्यांचंही तसंच. बेथानीत एका बाईने तीनशे दीनारांहून जास्त किमतीचं अत्तर एका संध्याकाळी प्रभूवर ओतलं. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस, तेव्हा जवळपास वर्षाची मजुरी झाली. बसलेल्या लोकांनी लगेच हिशेब मांडला, गरिबांना किती देता आलं असतं. प्रभूने तिची बाजू घेतली. योहानाचं शुभवर्तमान तर सांगतं की हिशेब मांडणाऱ्याचा, यहूदाचा, स्वतःचा हात थैलीत होता. सणाला लेकराच्या अंगावर नवा शर्ट असणं यात मला कसलंही ओझं दिसत नाही. तो तुमच्या ताईंकडून शिवून घ्या. मॉलमधल्यापेक्षा दीडशे रुपये जास्त पडतील, तेवढे पडू द्या, आणि कॉलर थोडी वाकडी आली तर मुलाला समजावा.

चॉकलेटबद्दल तुमचं चुकत नाही. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या कामावर 15 लाखांहून जास्त मुलं आहेत, असं 2020 च्या शिकागो विद्यापीठातल्या पाहणीत निघालं होतं. चॉकलेटवाचून कुणाचं अडत नाही, सोडा खुशाल. फक्त मुलाला कारण नीट सांगा, अकरा वर्षांच्या मुलाला ते कळतं. 'आई चिडलीय म्हणून बंद' एवढंच त्याला आत्ता माहीत असणार.

सासूबाईंचा चहा आजपासून सुरू करा, त्यांना हवी तेवढी साखर घालून. ऐंशीकडे आलेल्या बाईला चहासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागणं ही गोष्ट मला साखरेपेक्षा जास्त टोचली. त्या तिकडे काय सांगत असतील तेही मनात येऊन गेलं, पण ते असो.

आणि आज मंगळवार आहे. हे पत्र छापून तुमच्या हाती पडायची वाट बघू नये म्हणून पत्त्यावर वेगळं उत्तर टाकलंय, ते गुरुवारपर्यंत मिळेल. रविवारी उपासनेनंतर ताईंना चारचौघांत पाकीट देऊ नका, त्यांना ते बरं वाटणार नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जा. आधी ईस्टरची शिलाई द्या, उशीर झाला म्हणून सांगा, कारणं सांगू नका. मग मुलाच्या शर्टाचं माप द्या. डिसेंबरचा दुसरा आठवडा आहे, त्या म्हणतील आता वेळ नाही, बाकीच्यांचं घेऊन बसले. तसं म्हणाल्या तर आग्रह करू नका, जानेवारीत शिवून घ्या.

तुमची,
मावशी

ता. क. करंज्यांचं विचारायचं राहिलं म्हणून तुम्ही पाकिटाच्या मागे लिहिलंत. गुळाचं सारण लवकर मऊ पडतं, चौथ्या दिवशी करंजी खुळखुळत नाही. यंदा पिठीसाखर घाला आणि पहिला डबा कोप्यांवर नेऊ नका, शिवणाऱ्या ताईंकडे न्या. डिसेंबरात त्यांच्या घरी तळायला कुणाला वेळ असतो?